नकाशावर न दिसणारे वजन

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्यासाठी त्याचे नकाशे मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने काढले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे नकाशेही मँटचेच. बडोद्याचे काम पुरे होण्याआधीच, १८८१ साली, मँट मरण पावला. आपले हिशेब चुकले, वाडा कोसळणार, या भीतीने त्याला अखेरीस ग्रासले होते, असे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझमने १८९० साली वाडा पुरा केला.

आखीवरेखीव नकाशे हाताशी असताना अशी भीती का वाटावी? इमारतीचे नकाशे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. एकात खोल्यांची मांडणी, दुसऱ्यात दर्शनी बाजू आणि तिसऱ्यात इमारत उभी कापली तर आत काय दिसेल, ते दाखवितात. या तिन्हींवरून लांबी, रुंदी व उंची कळते. वजन मात्र कळत नाही. ते गणितानेच काढावे लागते.

समजा, १:१०० या प्रमाणात एका मनोऱ्याची विटांचीच छोटी प्रतिकृती केली. खरा मनोरा तिच्या १०० पट उंच. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ १००×१००, म्हणजे १०,००० पट. पण घनफळ, आणि म्हणून वजनही, १०,००,००० पट! म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० पट भार आला. प्रतिकृती टिकली म्हणून मनोरा टिकेलच, असे म्हणता येत नाही. आकार वाढला की बळ आणि वजन सारख्या पटीने वाढत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले आहे.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. एक घनमीटर वीटकामाचे वजन सुमारे २,००० किलोग्रॅम असते. ५० मीटर उंच, सरळ भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरवर १,००,००० किलोग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १० किलोग्रॅम भार येईल. चांगली भाजलेली वीट याच्या कितीतरी पट भार सोसते. मग काळजीचे कारणच नाही काय? आहे! वाऱ्याचा जोर, कमानींचा बाजूंना बसणारा रेटा आणि पायाखालची जमीन यांचे हिशेब वेगळे करावे लागतात.

मँटचा वाडा आजही भक्कम उभा आहे. भीती खरी की खोटी, हे आकडेच ठरवितात. तुमच्या शाळेच्या भिंतीची उंची मोजा आणि तिच्या तळावर किती भार येतो, ते काढून पाहा बरे!