संविधान कंपनीच्या गेटवर थांबत नाही

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटली की टपरीवर हमखास ऐकू येतं, “मूलभूत हक्क सरकारपुरते. कंपनी खासगी; तिथं ठेकेदार म्हणेल तेच.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते डोक्यात पक्कं बसलंय.

बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेला बांधतात, हे बरोबर. पण अस्पृश्यता (कलम १७), वेठबिगारी (कलम २३) आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात राबवणं (कलम २४) यांवरची बंदी खासगी माणसालाही लागू आहे. दिल्लीत १९८२च्या एशियाडसाठी स्टेडियमं बांधली जात होती. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया मजूर आणणारे जमादार कापून घेत. एका संघटनेचं पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी निकाल दिला: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारीच. मारहाणीची किंवा साखळदंडाची गरज नाही. पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्याला सुटता येत नाही, हेही न्यायालयानं बजावलं. वाळूजच्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला हा निकाल माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

“एमआयडीसी म्हणजेच इथलं सरकार” हाही एक समज. हे महामंडळ १९६१च्या राज्य कायद्यानं जन्माला आलं. कायद्यानं दिले तेवढेच त्याचे अधिकार. त्यापलीकडे गेलं तर संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागता येते.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज: “आम्ही बाहेरगावचे, भाड्याच्या खोलीतले. इथं आमचं मत कसलं?” १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा नेमकं उलट सांगतो. एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. तिथं सर्वसाधारणपणे राहावं लागतं. नाव मात्र एकाच ठिकाणच्या यादीत हवं. गावाकडची नोंद इकडे आणायची तर नमुना ८ भरायचा. पंचायतीच्या मतदार यादीत नाव आलं की संविधानाच्या कलम २४३ प्रमाणे तो माणूस ग्रामसभेचा सदस्य. मग नळयोजनेचा विषय असो की गटाराचा, वाळूजजवळच्या रांजणगावात किंवा जोगेश्वरीत खोली घेऊन राहणारा कामगारही सभेत उठून हिशेब विचारू शकतो. त्याला घरमालकाची परवानगी लागत नाही.