दहावा माणूस

पारंपरिक ज्यू प्रथेत मृतासाठीची कद्दीश ही प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. हे ऐकल्यापासून मला ते दहा जमवणाऱ्याला भेटायचं होतं. 1950च्या सुमारास भारतात बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, वीस हजारांच्या आसपास होते. नंतर बहुतेक इस्राएलला गेले. अलिबागच्या अष्टागरात तर यांच्या घरांना कुलपं आहेत. दहा आणायचे कुठून?

"दहा होत नाहीत," शामाश फोनवर कुणाला तरी सांगत होते. सिनेगॉगची देखभाल करणारे हे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वहीतल्या कितीतरी नावांपुढे इस्राएलमधली गावं: अश्दोद, दिमोना, लोद. "सात आहेत. अलिबागहून दोघं निघालेत. दहावे तुम्ही या, भाऊ."

एका वृद्धाच्या मृत्यूचा सातवा दिवस. दफन मृत्यूच्याच दिवशी झालं होतं. काचेच्या दिव्यात शामाशांनी खोबरेल ओतलं आणि तो वास सगळ्या दालनात भरला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं या तेल गाळणाऱ्या समाजाला शनिवार तेली म्हटलं. त्या वासापासून माझं मन हटेना.

या समाजाला गावोगाव रब्बी कधी नव्हते. आधी काजींनी, मग प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी धर्म सांभाळला. 1960च्या दशकात इस्राएलच्या मुख्य रब्बींनी लग्नाआधी यांच्याच वंशाची चौकशी करायची सूचना काढली, तेव्हा याच समाजाच्या साध्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि 1964 साली ती सूचना बदलायला लावली. मला ते आठवत होतं, कारण समोरही एका साध्या माणसालाच निर्णय घ्यायचा होता.

दहावा माणूस भिजलेलं हेल्मेट हातात घेऊन आत आला. मृताला मुलगा नव्हता. मुलगी मागे, बायकांत बसली होती. शामाश वळले.

"पुढे ये गं. बाबा तुझे. तू म्हण, आम्ही आमेन म्हणतो."

एकानं मान खाली घातली. कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी ईश्वराची थोरवी. दुसऱ्या ओळीलाच तिचा गळा दाटला. पण जिथे जिथे आमेन यायचं, तिथे दहा आवाज तिला उचलत गेले.

दहांमध्ये तिला न मोजणारा नियम मला पटत नाही. शामाशांना तसं म्हणालो. "तो मोडायचा अधिकार मला नाही," ते म्हणाले. "पण तिला गप्प बसवायचाही नाही." मोठ्या पदावरच्या किती जणांना हे भर सभेत करवलं असतं, मला शंका आहे.

चहाच्या वेळी मान खाली घातलेले गृहस्थ म्हणालेच, "हजान असते तर हे चाललं नसतं."

"नसतं कदाचित. शनिवारी येताय ना?"

"येतो."

शामाशांनी वही उघडली. "म्हणजे सहा झाले."