रानपाखरांचे छायाचित्रण : एक छंद आणि त्याचे पथ्य

पक्षी पाहणे आणि पक्ष्याचे छायाचित्र घेणे या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे. पाहणाऱ्याला क्षणभराचे दर्शन पुरते. छायाचित्रकाराला मात्र पक्षी जवळ, उजेडात आणि काही काळ स्थिर हवा असतो. रानातले पाखरू या तीनही अटी सहसा मानीत नाही. या छंदातील सारी गोडी आणि त्यातून उद्भवणारे सारे प्रश्न येथेच आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मोजक्या हौशी मंडळींपुरता असलेला हा छंद आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. सुटीच्या दिवशी एखाद्या तलावाच्या काठी किंवा कोकणातल्या ओढ्याशी लांब नळीचे कॅमेरे घेतलेले दहा-बारा जण दिसणे, यात आता नवल राहिलेले नाही. त्यामुळे हा केवळ व्यक्तिगत आवडीचा विषय न राहता वनखाते, शाळा आणि ग्रामपंचायती यांचाही विषय झाला आहे.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. पक्षी मारावा, कातडे सोलून त्यात कापूस भरावा, पायाला चिठ्ठी बांधावी आणि संग्रहालयात ठेवावा, अशी रीत होती. १८९२ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या बंधूंनी अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. रानातल्या घरट्याच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते. पुढे पाखरे बुजू नयेत म्हणून याच बंधूंनी बैलाचे पोकळ सोंग तयार करून त्याच्या पोटात बसून छायाचित्रे घेतली. हा प्रकार आज हास्यास्पद वाटला, तरी त्यामागील तत्त्व अद्याप बदललेले नाही. माणसाची आकृती झाकली की पक्षी आपल्या उद्योगाला लागतो.

भारतातील या छंदाच्या इतिहासात लोक वान थो यांचे नाव आदराने घेतले जाते. सिंगापूरचे हे धनिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, भारतात आले आणि मुंबईत त्यांची डॉ. सलीम अली यांच्याशी मैत्री जुळली. दोघांनी मिळून अनेक पक्षिदौरे केले. लोक यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पिढीचे बरेचसे काम घरट्याशेजारी कापडी लपण उभारून झाले होते, कारण त्या काळच्या भिंगांना दुसरा इलाज नव्हता. आज तो इलाज उपलब्ध आहे आणि म्हणूनच त्या पिढीची पद्धत या पिढीने जशीच्या तशी उचलण्याचे कारण उरलेले नाही.

चित्र पुरावा होते तेव्हा

छायाचित्राचे शास्त्रीय मोल काय, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशातून १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने मिळाले आणि नंतर तो नाहीसाच झाला. मध्यंतरी रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक नमुना मिळविल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन या संशोधिकेने संग्रहालयातील तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो दुसऱ्याच संग्राहकाचा जुना पक्षी असून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. या खोट्या नोंदीमुळे शोध घेणारे भलत्याच ठिकाणी फिरत राहिले होते.

रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर दिला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर पक्षी सापडला होता, पण या वेळी बंदूक उडाली नाही. चलचित्रण आणि छायाचित्रे यांवरून ओळख पक्की करण्यात आली. पक्षी त्याच फांदीवर राहिला आणि पुरावा जगभर पोहोचला. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही त्याचे अस्तित्व नोंदले गेले.

असा पुरावा सामान्य छंदी माणसाच्या हातूनही घडतो. मंगोलियात संशोधकांनी गळपट्टे घातलेले पट्टकादंब विदर्भातील तलावांवर उतरल्याचे छायाचित्रांतून दिसून आले आहे. चित्र मोठे करून पट्ट्यावरील अक्षरे वाचली की तो पक्षी कोठून आला, हे कळते. मात्र त्यासाठी चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या यांची टिपण हवी. टिपण नसलेले सुंदर चित्र भिंतीला शोभा देते; अभ्यासाच्या दृष्टीने ते मुकेच राहते. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला होता. त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भिंग, उजेड आणि दमट हवा

साधनांविषयी अवास्तव कल्पना फार आहेत. पन्नास मिलीमीटर नाभीय अंतराचे भिंग डोळ्याला दिसते साधारण तसेच दृश्य टिपते. चारशे मिलीमीटरचे भिंग त्याच्या आठपट मोठी प्रतिमा देते, परंतु ते हाताचा कंपही आठपट मोठा करते. म्हणून मोठ्या भिंगाला तिवईचा आधार लागतो. तिवई नसेल, तर तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी दगडावर वा मोटारीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर भिंग टेकवता येते. हा स्वस्त उपाय अनेक अनुभवी छायाचित्रकार आजही पसंत करतात. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक लागतो. कोकणातल्या गर्द राईत, आषाढातल्या ढगाळ दुपारी, तेवढा उजेड नसतो. अशा वेळी बसलेल्या पक्ष्यावर समाधान मानणे शहाणपणाचे.

उष्ण कटिबंधातील प्रकाशाचे गणितही स्वतंत्र आहे. सकाळी दहानंतर ऊन माथ्यावर येते, सावल्या काळ्याभोर पडतात आणि पिसांतील रंग फिके होतात. पक्षीही त्या वेळी झाडीत विसावतात. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास एवढाच काळ खरा कामाचा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्याची सरासरी काढतो, त्यामुळे गडद पाण्यावरचा बगळा चित्रात पांढऱ्या कागदाच्या तुकड्यासारखा होतो आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवरचा कोतवाल नुसती काळी आकृती उरतो. पहिल्या बाबतीत प्रकाश कमी करावा, दुसऱ्या बाबतीत वाढवावा, ही दुरुस्ती छायाचित्रकारालाच करावी लागते.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, ही तक्रार सार्वत्रिक आहे. चामड्याच्या पेटीत भिंग ठेवण्याची जुनी सवय येथे घातक ठरते, कारण चामडे ओल धरून ठेवते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेले भिंग अनेक पावसाळे टिकते. छत्तीस चित्रांच्या फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला पैसे पडत, म्हणून माणूस वाट पाही. आता एका सकाळी हजार चित्रे घेता येतात. वाट पाहण्याची कला मात्र त्या प्रमाणात वाढली, असे म्हणवत नाही.

घरट्याजवळचा धोका

खरा प्रश्न विणीच्या हंगामात उभा राहतो. एरवी चंचल असलेला पक्षी या काळात घरट्याशी बांधलेला असतो. ठराविक फांदीवर ठराविक वेळी येतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही पर्वणी आणि पक्ष्याच्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक काळ. स्वर्गीय नर्तकाच्या वाटीसारख्या घरट्यावरील दोन-चार पाने चित्रात आड येतात म्हणून छाटली, तर पिसे न फुटलेली पिले थेट उन्हात उघडी पडतात आणि काही वेळातच दगावू शकतात. माणसांची ये-जा कावळे दुरून टिपतात. माणसे निघून गेली की ते तेथे पोहोचतात. छायाचित्रकाराला हा पुढचा भाग दिसतच नाही, त्यामुळे आपल्या हातून काही बिघडले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत नाही.

धनेशाचे उदाहरण तर अधिक गंभीर आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरून माती व विष्ठेने तोंड लिंपून घेते. केवळ चोच बाहेर येईल एवढी फट उरते. अनेक आठवडे तिचे आणि पुढे पिलाचे पोषण सर्वस्वी बाहेरून फळे आणणाऱ्या नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. झाडाखाली माणसे उभी दिसली की नर दूरच्या झाडावर थांबून राहतो. त्याच्या काही फेऱ्या चुकल्या, तर उपाशी राहतात ती आतली जीवाचे दार लिंपून बसलेली माणसाला न दिसणारी पाखरे.

कोकणातला तिबोटी खंड्या हा आणखी एक बळी ठरू पाहणारा पक्षी. जेमतेम तेरा सेंटीमीटर लांबीचा, नारिंगी, जांभळा आणि निळा अशा रंगांची उधळण असलेला हा चिमुकला जीव पावसाच्या आगमनाबरोबर कोकणात येतो. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ कोरून त्यात अंडी घालतो. चोचीत पाल-सरड्यासारखी शिकार धरून बिळात शिरण्यापूर्वी तो ठराविक काटकीवर क्षणभर थांबतो. त्या काटकीवर डोळा ठेवून छायाचित्रकारांची रांग लागते. समोर माणसे असेपर्यंत तो आत जात नाही. चोचीत घास घेऊन ताटकळणाऱ्या पक्ष्याचे चित्र देखणे येते, पण त्याचा अर्थ आत पिले वाट पाहत आहेत, असा असतो.

या कारणांनी अनेक स्पर्धांनी व निसर्गविषयक नियतकालिकांनी घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणे, घुबडांवर रात्री वारंवार प्रखर दिवा टाकणे आणि दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर करणे हे प्रकारही त्याज्य मानले जातात.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या अनेकांना ठाऊक नसते. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे, इतकेच नव्हे तर अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे, याचाही त्या व्याख्येत समावेश आहे. म्हणजे संरक्षित पक्ष्याच्या घरट्याभोवतीची पाने छाटणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश देण्याचा परवाना याच अधिनियमाच्या कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अधिवासात कोणताही बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होता छायाचित्रण व्हावे, हे २०२२ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केले आहे.

गावाच्या हाती काय आहे

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेथे स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून छायाचित्रकारांना पाण्यावर नेतात. जाळे टाकणाऱ्या हातांना त्यामुळे हंगामी मिळकत लाभली आणि पक्षी टिकले तरच ही मिळकत टिकेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. तथापि, उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून होडी थव्यात घालण्याचा आग्रह धरणारे पाहुणेही असतात. पुन्हा पुन्हा उठवलेल्या थव्याची चरण्याची वेळ वाया जाते. अशा वेळी होडीवाल्याने एकट्याने नकार द्यावा, ही अपेक्षा रास्त नाही, कारण त्याच्या नकाराने गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसते. सर्व होड्यांनी थव्यापासून किती अंतर राखावे, हे गावाने बसून ठरवले, तर त्याला बळ येते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेल्या पाणथळीवर निरीक्षण मनोऱ्यांतून पक्षी पाहता येतात. मनोऱ्यावरून घेतलेल्या चित्रात पक्षी लहान दिसतो, परंतु तो निर्धास्त असतो.

शाळांसाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ सोयीचा आहे. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पावसाळी वीण बहुतेक आटोपलेली असते आणि हिवाळी पाहुणे आलेले असतात. महागडा कॅमेरा नसला, तरी एखाद्या दुर्बिणीच्या भिंगाला साधा मोबाइल टेकवून तळ्यावरील बदकांची ओळखण्याजोगी चित्रे घेता येतात. त्याखाली मुलांनी स्वतःच्या अक्षरात तारीख आणि संख्या लिहिली की शाळेच्या तळ्याची नोंदवही सुरू होते. दहा वर्षांनी ती कोणत्याही देखण्या चित्राहून अधिक उपयोगी पडेल.

कोकणातील ग्रामपंचायतींना मात्र पावसाळ्याआधीच लक्ष घालावे लागते. रस्त्याकडेच्या गटारांची सफाई करताना यंत्राने दरड सरळ तासली जाते आणि तिबोटी खंड्याची बिळे तिच्याबरोबर जातात. बिळाचे तोंड इतके लहान असते की यंत्र चालवणाऱ्याला ते दिसण्याचा संभव नाही. ही सफाई मेअखेर पुरी झाली, तर जूनमध्ये येणाऱ्या पक्ष्याला दरड मोकळी मिळते. हंगामात जेथे बीळ आढळेल, तेथे ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने दरडीची खूण करून ठेवावी आणि छायाचित्रकारांना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस थांबवावे. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, बिळे रिकामी होतात आणि राहिलेली कामे तेव्हा हाती घेता येतात.