सरासरीखालची वर्षं

पावसाळा अर्धा सरला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘जायकवाडी किती टक्के?’ रिक्षात, बँकेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. शहराचं पिणं पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने त्याच्यावर, कालव्यांखालची शेतीही त्याच्यावर. धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. त्यातला किती भरला, एवढंच तो टक्का सांगतो. १५ ऑक्टोबरला तो ६५ च्या खाली राहिला तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, हा हिशेब मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आला. म्हणून त्या एका आकड्यावरून दोन विभाग भांडतात.

पण पाण्याच्या हिशेबात आणखी एक टक्का असतो. त्याचं नाव बातम्यांत अधूनमधून येतं आणि वाचणारा पुढे सरकतो. ‘७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी.’ मी अकरावीला अर्थशास्त्र शिकवते. त्या पुस्तकात ‘विभाजन मूल्ये’ नावाचा एक धडा आहे: चतुर्थक, दशमक, शतमक. मुलं त्याला घाबरतात, सूत्रं पाठ करतात, परीक्षेनंतर विसरतात. ते ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी म्हणजे या धड्यातला पहिला चतुर्थक आहे, हे मी वर्गात सांगते तेव्हा शेतकऱ्याघरची मुलं मान वर करतात. मग गणित सोपं जातं.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी गणितासाठी घेतले आहेत, पण आमच्या गंगापूर तालुक्यातल्या माणसाला ते अनोळखी वाटणार नाहीत. एका गावात अकरा वर्षांत पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये, जसा पडला तसा: ६१२, ८४५, ३९८, ७०१, ५३३, ९२०, ४६७, ६५५, ५८०, ११०४, ७२४.

आधी सरासरी. बेरीज ७,५३९, भागिले ११, म्हणजे सुमारे ६८५. गावाला विचारलं तर उत्तर येईल, ‘आमच्याकडे सरासरी ६८५ मिलिमीटर पडतो.’ खोटं काहीच नाही. पण ६८५ किंवा त्याहून जास्त पाऊस पडला अशी वर्षं किती? पाच. उरलेल्या सहा वर्षांत पाऊस सरासरीला पोचलाच नाही. त्या ६८५ वर विसंबून कुणी विहीर, पीक आणि कर्ज ठरवलं, तर अकरापैकी सहा वर्षं तो माणूस तोट्यात.

आता हेच आकडे चढत्या क्रमाने लावा: ३९८, ४६७, ५३३, ५८०, ६१२, ६५५, ७०१, ७२४, ८४५, ९२०, ११०४. शाळेत प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात, तशी ही वर्षं उभी केली. सगळं काम या एका पायरीत आहे. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त गुण इथेच जातात: मूल सूत्र अचूक लिहितं आणि न लावलेल्या आकड्यांतला तिसरा आकडा उचलून मोकळं होतं.

पहिल्या चतुर्थकाचं सूत्र आहे संख्येत एक मिळवा आणि चाराने भागा. ११ अधिक १, बारा; भागिले चार, तीन. हे तीन म्हणजे उत्तर नव्हे. ती जागा आहे. रांगेत तिसरं कोण उभं आहे? ५३३. हे उत्तर. दुसऱ्या चतुर्थकाची, म्हणजे मध्यकाची जागा सहावी: ६५५. तिसऱ्याची नववी: ८४५. सूत्र फक्त जागा देतं, मूल्य रांगेत जाऊन बघायचं असतं, हे ज्याला कळलं त्याला हा धडा कळला, असं मी मानते.

५३३ चा अर्थ बघा. अकरापैकी नऊ वर्षांत पाऊस ५३३ किंवा त्याहून जास्त पडला. पाटबंधाऱ्याचा अभियंता ही रांग उलटी लावतो, मोठ्याकडून लहानाकडे. मग वर्षाचा क्रमांक भागिले एकूण वर्षं अधिक एक, असा भागाकार करतो. ५३३ त्याच्या रांगेत नववा येतो. नऊ भागिले बारा, ७५ टक्के. आमचा पहिला चतुर्थक आणि त्याची ७५ टक्के विश्वासार्हता, एकच आकडा. रांगेच्या कुठल्या टोकाकडून मोजायचं, एवढाच फरक.

याची किंमत केवढी असते ते कृष्णेच्या पाण्यात दिसतं. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापुढे कृष्णा नदीच्या ७८ वर्षांच्या पाण्याची मालिका होती, १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतची. लवादाने सरासरी घेतली नाही. ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरलं: २,०६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आणि १९७३ च्या निवाड्यात ते महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात वाटलं. अकरावीच्या सूत्राने करून बघा: ७८ अधिक १, भागिले ४, म्हणजे खालून १९.७५ वी जागा. तीन राज्यांची शेती या एका जागेवर उभी राहिली. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ पासूनची ४७ वर्षांची मालिका घेतली, ६५ टक्के विश्वासार्हतेला २,२९३ आणि सरासरीला २,५७८ टीएमसी असे आकडे काढले, आणि वाद नव्याने सुरू झाला. नदी तीच. रांगेत कुठली वर्षं उभी केली आणि कितव्या जागेवर बोट ठेवलं, त्यावर शेकडो टीएमसी इकडचे तिकडे होतात. तज्ज्ञ काहीही म्हणोत, दुष्काळी मुलखातली माणूस म्हणून मला बच्छावतांचा सावधपणा जास्त पटतो. चारातल्या तीन वर्षांत जे हाती येईल तेवढंच वाटावं.

सरासरीची आणखी एक खोड आहे. आमच्या अकरा वर्षांतलं ओलं वर्ष ११०४ च्या जागी १४०४ मिलिमीटरचं झालं असं समजा. एखाद्या ढगफुटीत ते होतं. सरासरी ६८५ वरून ७१२ च्या पुढे जाते आणि सरासरी गाठणारी वर्षं पाचवरून चारवर येतात. गावाला एक थेंबही नीट मिळाला नाही, माती वाहून गेली, तरी कागदावर गाव ‘जास्त पावसाचं’ झालं. चतुर्थक मात्र जागचे हलत नाहीत: ५३३, ६५५, ८४५. रांगेतला शेवटचा मुलगा आणखी उंच झाला म्हणून तिसऱ्या मुलाची उंची बदलत नाही.

दशमक आणि शतमक याच रीतीने काढायचे, फक्त रांगेचे दहा किंवा शंभर भाग कल्पायचे. तिसऱ्या दशमकाची जागा ३ गुणिले १२ भागिले १०, म्हणजे ३.६. आता ३.६ व्या जागेवर कुणीच उभं नाही. मग तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये जायचं. तिसरा ५३३, चौथा ५८०, अंतर ४७, त्याचा ०.६ भाग २८.२, उत्तर ५६१.२. दहाव्या शतमकाची जागा १.२: ३९८ अधिक ६९ चा ०.२ भाग, ४११.८ मिलिमीटर. ऑस्ट्रेलियात दुष्काळ ओळखण्यासाठी पावसाचे असेच दशमक वापरतात. गिब्ज आणि माहेर यांनी १९६७ मध्ये ती रीत मांडली. सर्वांत खालच्या दशमकातला पाऊस म्हणजे गंभीर तूट. आपल्या हवामान खात्याच्या हंगामी अंदाजाच्या नकाशातही देशाचे रंग तीन भागांच्या हिशेबाने असतात: सामान्यपेक्षा कमी, सामान्य, सामान्यपेक्षा जास्त. चाराऐवजी तीन भाग केले, बाकी कल्पना हीच.

आकडे वर्गांत बांधलेले असले की मुलं खरी गडबडतात. समजा ८० विद्यार्थ्यांचे गुण असे आहेत: ० ते २० मध्ये ८ जण, २० ते ४० मध्ये २२, ४० ते ६० मध्ये ३०, ६० ते ८० मध्ये १४, ८० ते १०० मध्ये ६. संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतची एकूण मुलं: ८, ३०, ६०, ७४, ८०. इथे एक मिळवायचा नाही. ८० भागिले ४, म्हणजे विसावा विद्यार्थी शोधायचा. पहिल्या वर्गात आठच संपले, म्हणून तो २० ते ४० मध्ये आहे. या वर्गात शिरल्यावर आणखी बारा जण पुढे जायचं. बावीस जण वीस गुणांत पसरलेत, तर बारा जण किती गुणांत? हे जुनं त्रैराशिक आहे! १२ गुणिले २० भागिले २२, म्हणजे १०.९१. वर्गाची खालची मर्यादा २० मिळवा: ३०.९१. पुस्तकातलं ते लांबलचक, भीतीदायक सूत्र याहून वेगळं काही सांगत नाही. संचित वारंवारता आधीच्या वर्गाची का घ्यायची, हेही पाठ करावं लागत नाही. मागे किती जण राहिले ते मोजायचं असतं म्हणून. सातवा दशमक स्वतः काढून बघा. छप्पन्नावा विद्यार्थी, ५७.३३ गुण यायला हवेत.

शतमकांची कल्पना रूढ केली फ्रान्सिस गाल्टनने. १८८४ च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स देऊन ९,३३७ माणसांनी उंची, वजन, हाताचा जोर, नजर मोजून घेतली. पुढच्या वर्षी त्या मापांची त्याने शतमकांची कोष्टकं केली. माणसांना जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे त्याचे विचार त्याज्य आहेत. कोष्टकाची रीत मात्र राहिली. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९६० मध्ये तिला कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीसाठी नवं रूप दिलं. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारताचा दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. तळाच्या पाच टक्क्यांचा होता १,३७३ आणि वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. सरासरीत यातलं कुणीच दिसत नाही.

आणि आता ज्याने घराघरात जेवण गोड लागत नाही तो शब्द: पर्सेंटाइल, म्हणजे शतमकच. जून महिन्यात पालक मला विचारतात, ‘मॅडम, पंच्याण्णव पडले, मग कॉलेज का मिळत नाही?’ पडले नाहीत, आले आहेत. आणि ते गुण नाहीत. सीईटीच्या एका सत्रात वीस हजार मुलं बसली आणि तुमच्या मुलीला ९५ पर्सेंटाइल मिळाले, तर तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळालेली मुलं एकोणीस हजार. म्हणजे पुढे हजार जण आहेत, एकाच सत्रात. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर सोपे-अवघड असतात, म्हणून गुणांऐवजी त्या-त्या सत्रातली जागा बघतात. यात अन्याय नाही, पण पालकांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

‘नीट’चं उदाहरण मी मुद्दाम देते. खुल्या गटासाठी पात्रता दरवर्षी ५० वा शतमक, म्हणजे मध्यक. तो ७२० पैकी २०२२ मध्ये ११७ गुणांवर होता, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये सुधारित निकालात १६२, २०२५ मध्ये १४४. नियम तसाच राहिला, रांग बदलली. १४४ म्हणजे बरोबर २० टक्के गुण. ५० पर्सेंटाइल आणि २० टक्के, एकाच उत्तरपत्रिकेचे दोन आकडे! हे न कळल्यामुळे कित्येक घरांत मुलांवर वर्षभर आरडाओरडा होतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर ‘नीट’ची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, तेव्हा ‘शून्य गुणांना प्रवेश’ असं लोक बोलू लागले. शून्य शतमक म्हणजे रांगेचं खालचं टोक. तिथल्या माणसाला शून्य गुण असतीलच असं नाही. परीक्षा दिलेला प्रत्येक जण पात्र, एवढाच त्याचा अर्थ. तो निर्णय योग्य होता का, हा निराळा वाद. मला स्वतःला तो पटला नाही. पण वाद घालायचा तर आकड्याचा अर्थ समजून घालावा.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी हा धडा आला की पुस्तकातली पगारांची आणि गुणांची उदाहरणं थोडी बाजूला ठेवा. कृषी विभागाकडे प्रत्येक महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी असतात. मुलांना आपापल्या मंडळाचे मिळतील तेवढ्या वर्षांचे आकडे आणायला सांगा, ते चढत्या क्रमाने लावायला सांगा आणि पहिला चतुर्थक काढून घरी वडिलांना, आजोबांना दाखवायला सांगा. पेरणीचं बियाणं विकत घेण्याआधी त्यांनी तो आकडा एकदा बघावा.