आमच्या भाचीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी मलकापूरला आमच्या आपांच्या घरी २२ हजार रुपयांवरून बराच खल झाला आणि शाळेत शिकवणारे म्हणून पंचाची जागा आमच्याकडे आली. बोलणे अर्थातच उर्दूत झाले. इथे ते मराठीत देत आहोत.

ही रक्कम होती भाचीच्या प्रशिक्षणाची फी. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, पुढे इंजिनीअर झाली आणि चार वर्षांपासून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी टेस्टिंगचे काम करते, बहुतेक दिवस घरूनच. त्या कंपनीत ‘प्रॉडक्ट ओनर’ची एक जागा निघणार होती. अर्ज करण्याआधी तिला शनिवार-रविवारचा ऑनलाइन वर्ग करायचा होता, आणि पैसे स्वतःचे भरायचे होते.

दुल्हाभाईंचे कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचा प्रश्न सरळ होता. “तुमच्या बीएडला पूर्ण वर्ष लागलं. हे लोक दोन दिवसांत काय शिकवणार? आणि ओनर म्हणजे मालक ना? नोकरीत कसला मालक?”

खरे सांगायचे तर शंका आम्हालाही होती. नोकरीच्या काळात आम्ही इतकी प्रशिक्षणे केली आहेत की त्यांची नावेही आता आठवत नाहीत. आठवतो तो चहा, हजेरीपटावरची सही आणि शेवटच्या दिवशीचा अभिप्रायाचा कागद. शेवटी आम्ही एवढेच म्हणालो की दोन दिवस आम्ही तिच्या शेजारी बसतो, कॅमेऱ्यात न दिसता, आणि काय ते पाहतो. फी तिने स्वतःच्या पगारातून भरली. दुल्हाभाई गप्प राहिले, म्हणजे परवानगी मिळाली.

आधी या कामाविषयी थोडे सांगतो. पूर्वी सॉफ्टवेअर पुलासारखे बांधत. सगळा आराखडा आधी, मग वर्ष-दोन वर्षे काम, आणि शेवटी ते ग्राहकाच्या हातात. तोवर ग्राहकाची गरज बदललेली असे. याला कंटाळलेले १७ जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फाच्या डोंगरावरच्या ठिकाणी जमले आणि त्यांनी चार मूल्ये आणि बारा तत्त्वे लिहून काढली. त्यालाच ‘अजाइल’चा जाहीरनामा म्हणतात. (सतराही पुरुष होते, हे भाचीने आमच्या लक्षात आणून दिले.) मतलब असा, की थोडे करा, वापरणाऱ्याला दाखवा, चुकले तर सुधारा आणि पुढे जा.

ही पद्धत प्रत्यक्षात आणण्याचे सर्वात रुळलेले तंत्र म्हणजे ‘स्क्रम’. शब्द रग्बीच्या खेळातला आहे. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ मध्ये नवी उत्पादने कशी तयार होतात यावर लिहिताना तो वापरला आणि पुढे जेफ सदरलँड व केन श्वाबर यांनी तो सॉफ्टवेअरमध्ये आणला. त्यांची ‘स्क्रम गाइड’ ही मार्गदर्शिका जेमतेम चौदा पानांची आहे आणि कुणालाही फुकट मिळते. काम ‘स्प्रिंट’ नावाच्या तुकड्यांत चालते, एक तुकडा जास्तीत जास्त एका महिन्याचा. रोज पंधरा मिनिटांची बैठक. करायच्या सगळ्या गोष्टींची एक यादी असते, तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. त्या यादीत आधी काय आणि नंतर काय, हे ठरवण्याची जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची. मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे.

हे वाचून आम्हाला आपल्याकडची लग्ने आठवली. यादी एक आणि मालक बारा. चाचा वाजंत्री ठरवतात, फुफी जेवण बदलतात, आणि हॉलचे पैसे द्यायचे कुणी हे आदल्या रात्री कळते.

शनिवारी वर्ग सुरू झाला. झूमवर तीसेक जण होते, बंगळुरू, गुरुग्राम, हैदराबादचे. सगळे इंग्रजीत, आणि भरभर. दर तासाभराने पाच-पाच जणांचे गट पाडून चर्चा होई. आमची भाची एरवी घरात सगळ्यांना पुरून उरते, पण गटात तिचा माइक बंद. दुपारच्या सुट्टीत नमाज झाल्यावर आम्ही विचारले, “बोलत का नाहीस?” म्हणाली, “खाला, वाक्य मनात जुळेपर्यंत ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात.” हे दुखणे आम्हाला नवे नाही. उर्दू माध्यमाच्या किती तरी हुशार मुली आम्ही पुढच्या शिक्षणात अशाच मागच्या बाकावर जाताना पाहिल्या आहेत.

संध्याकाळी गृहपाठ मिळाला. आपल्या आसपासचे लोक वापरतात असे एखादे अॅप निवडा, ते नव्याने करायचे असे समजा, वापरणाऱ्यांना भेटा आणि यादी बनवा. मनाने काही लिहायचे नाही, ही ताकीद होती.

भाचीने पीक नोंदवण्याचे अॅप निवडले. दिवस खरीप नोंदणीचे होते आणि दुकानात दुसरा विषय नव्हता. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ‘ई-पीक पाहणी’ अॅपवर आपले पीक स्वतः नोंदवतात, शेतात उभे राहून फोटो काढून. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय आली आणि शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून त्यातल्या १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या असे ठरले. थोडे करा, दाखवा, सुधारा, हे प्रशिक्षणातले वाक्य आपल्या सातबाऱ्यापर्यंत आधीच पोचले होते.

ती वही घेऊन दुकानाच्या काउंटरमागे बसली. रात्री साडेआठपर्यंत अकरा शेतकऱ्यांशी बोलली, त्यात दोन बाया होत्या. एकाचा फोन पोराजवळ सुरतला. एकीच्या नावावर शेत, पण मोबाइल हातात घ्यायची सवय नाही. एकाला ‘मिश्र पीक’ हा शब्दच अडला. शेतात तूर-सोयाबीन दोन्ही उभे, पण कुठले खाली आणि कुठले वर लिहायचे? प्रत्येकाचे म्हणणे ती ठरलेल्या साच्यात लिहीत गेली: अमुक म्हणून मला तमुक हवे, म्हणजे मला अमके करता येईल. याला ‘यूजर स्टोरी’ म्हणतात. लिहायला सोपे वाटते, पण शेवटचे ‘म्हणजे’ बरोबर आले नाही तर वरची मागणी खरी की नुसती हौस, हे कळत नाही. निबंध तपासणाऱ्या माणसाला हे पटावे.

जेवणानंतर १९ चिठ्ठ्या पुठ्ठ्यावर चिकटल्या. पहिल्या स्प्रिंटसाठी तीनच निवडायच्या होत्या. आता घरातला प्रत्येक जण जाणकार झाला. धाकट्या भावाला पावसाचा अंदाज हवा. आपा म्हणाल्या, बायकांसाठी आवाजात सूचना द्या. दुल्हाभाईंचा आग्रह होता की खामगाव-मलकापूरचे बाजारभाव अॅपमध्ये दिसलेच पाहिजेत. “मी वीस वर्षं शेतकरी पाहतोय. तो आधी भाव विचारतो.”

भाची थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “भाव दाखवणं चांगलंच आहे, अब्बू. पण आजच्या अकरा जणांपैकी भाव कळत नाही म्हणून नोंद राहिली असं एकही जण म्हणाला नाही. रेंज नाही म्हणून राहिली असं सहा जण म्हणाले. तुमची चिठ्ठी आत्ता नाही.”

खोलीत शांतता. त्या घरात अब्बूंना कुणी ‘नाही’ म्हटलेले आम्ही पहिल्यांदा ऐकले. आपांनी आमच्याकडे पाहिले. दुल्हाभाईंनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, “सहा?” तिने वही पुढे केली. त्यांनी नावे वाचली, सगळी ओळखीची. “मग आधी रेंजचं घे,” एवढे म्हणून ते उठले.

तिच्या तीन चिठ्ठ्या ठरल्या. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहावी आणि गावात आल्यावर आपोआप जावी, पीक नावाऐवजी चित्रावरून निवडता यावे, आणि आवाजात सूचना असाव्यात. आपांची चिठ्ठी लागली याचा आनंद त्यांनी दोन दिवस पुरवला.

रविवारी प्रशिक्षकाने पहिलाच प्रश्न केला, की किती जण खरोखर वापरणाऱ्याशी बोलले? बहुतेकांनी घरी बसूनच यादी केली होती. भाचीने माइक सुरू केला. इंग्रजी अडखळत होते, एक वाक्य सरळ हिंदीत गेले, पण कुणी पुढे पळाले नाही. तिच्या हातात अकरा माणसे होती.

आता प्रमाणपत्राविषयी, कारण अनेक घरांत हाच प्रश्न येणार आहे. भाचीने केला तो वर्ग स्क्रम अलायन्सच्या प्रमाणपत्राचा. त्यात वर्ग पूर्ण करावा लागतो, परीक्षा नसते, आणि दर दोन वर्षांनी १०० डॉलर भरून व २० गुणांइतका अभ्यास दाखवून नूतनीकरण करावे लागते. दुसरा मार्ग स्क्रम डॉट ऑर्गचा. तिथे वर्गाची सक्ती नाही. २०० डॉलर भरून थेट परीक्षा देता येते. ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्क्यांना पास, आणि नूतनीकरण नाही. ज्या मुलीला एकटीने अभ्यास जमतो तिने आधी ती फुकटची चौदा पाने पाच वेळा वाचावीत आणि मग पैशांचा विचार करावा, असे आमचे मत झाले. ज्या मुलीला बोलायची भीती आहे तिला मात्र वर्गाचा उपयोग जास्त. आणि ‘कोर्स करा, नोकरी नक्की’ असे फोनवर सांगणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये. नोकरी देणारी कंपनी वेगळी आणि वर्ग घेणारी वेगळी.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. प्रमाणपत्र दाखवा असे कुणी म्हटले नाही. एक प्रश्न मात्र फिरून फिरून आला, की मोठ्या माणसाची कोणती मागणी तुम्ही नाकारली आणि कशाच्या आधारावर? तिने बाजारभावाची चिठ्ठी सांगितली. त्या माणसाचे नाते काय, हे तिने शेवटी सांगितले तेव्हा पलीकडचे हसले म्हणे.

जागा पूर्ण मिळाली नाही. सहा महिने साहाय्यक म्हणून काम, महिन्यातून एक आठवडा पुण्याला, मग निर्णय. पहिल्या खेपेला दुल्हाभाई स्वतः तिला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून आले. रात्री फोन करून त्यांनी आम्हाला विचारले, की त्या दुसऱ्या परीक्षेचे २०० डॉलर म्हणजे आजच्या भावाने किती होतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी भाची आमच्या शाळेत येणार आहे. नववीच्या मुलींकडून आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी अशीच चिठ्ठ्यांची यादी करून घ्यायची आहे. मुख्याध्यापकांकडे चार तासिका मागितल्या होत्या. दोन मिळाल्या आहेत.