रिपोर्टातले आकडे आणि आपण

“अहो, सीआरपी पंचेचाळीस म्हणजे काय हो?” २०२१ सालच्या एप्रिलमध्ये हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला गेला असेल. डॉक्टरांचा फोन लागत नाही, हातात लॅबचा कागद, त्यावर ठळक छापलेले आकडे आणि आपल्या छातीत धडधड! ते दिवस सरले. पण कोरोना काही कायमचा गेलेला नाही. तेव्हा मैत्रिणींनो, त्या आकड्यांची नीट ओळख करून घेतलेली बरी.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात प्रथम आढळलं. शरीरात कुठंही दाह झाला, की काही तासांतच ते वाढू लागतं. पण दाढेत पू झाला तरी वाढतंच की! स्वयंपाकघरातून धूर आला, तर काहीतरी जळतंय एवढंच कळतं. दूध करपलं की पडदा पेटला, हे आत जाऊनच बघावं लागतं. तसंच हे.

डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना होणारे तुकडे. कोरोनात गुठळ्यांची भीती असते, म्हणून तो बघतात. पण गरोदरपणात, ऑपरेशननंतर आणि वाढत्या वयातही तो वाढलेला असतो. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन. तेही दाहात वाढतं. म्हणून तापात ते नॉर्मल आलं, तरी अंगात लोह भरपूर आहे असं समजू नका हं! लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र आजार बळावला की कमी होतात.

डॉक्टर एकच आकडा धरून बसत नाहीत. तो चढतोय की उतरतोय हे बघतात आणि सोबत रोग्यालाही बघतात. सौम्य आजारात या तपासण्या उगाच करू नका, त्यानं घबराटच वाढते, असं दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये सांगितलं होतं. आकडा पाहून मनानंच स्टेरॉइड सुरू करणं तर फारच वाईट. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोननं ऑक्सिजन लागणाऱ्या रोग्यांचे प्राण वाचवले; ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

मग घरी काय बघायचं? नखांचं पॉलिश काढून ऑक्सिमीटर लावा. ९३ किंवा कमी आलं, श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, ओठ निळसर दिसले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रिपोर्टाची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि एक सांगते. आमच्या शेजारच्या वहिनी त्या एप्रिलमध्ये यजमानांचे आकडे रोज वहीत टिपून ठेवत होत्या. स्वतःला भांडी घासताना दम लागायचा, तर म्हणायच्या, “जागरणानं होत असेल.” मुलानं सहज त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ८९! वेळेवर नेलं म्हणून अकराव्या दिवशी घरी आल्या. वहीत त्यांच्या नावाचं पानच नव्हतं.

घरात आजारपण आलं, तर तुम्हीही अशी वही जरूर ठेवा. पण त्यात एक पान आपलंही असू द्या, बरं का!