नागापूर ते मक्का: ३,६०० किलोमीटर आणि एक शीर

नगरच्या नागापूर एमआयडीसीतला कामगार जेवणाच्या सुट्टीत नमाजाला उभा राहतो तो पश्चिमेकडं तोंड करून, जरासा उत्तरेला कलून. दहाएक अंश. तिथून मक्का सरळ रेषेत सुमारे ३,६०० किलोमीटर. हा झाला भूगोल. कुराणातली मोजपट्टी निराळी.

मानेची शीर: पन्नासाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, अल्लाह माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहूनही जवळ आहे. एवढ्या जवळ तर आपला मोबाइलही नसतो!

दोन धनुष्यं: त्रेपन्नाव्या सूरेत पैगंबरांच्या दिव्य दर्शनाचं वर्णन येतं. अंतर किती? दोन धनुष्यांएवढं, किंवा त्याहून कमी. पैगंबरांच्या इतकं जवळ आलं कोण, देवदूत जिब्रील की खुद्द अल्लाह, यावर भाष्यकारांचं आजही एकमत नाही.

वीत, हात, वाव: हे हदीसमधलं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधलं, आणि माझं सगळ्यात आवडतं. माणूस अल्लाहकडं वीतभर सरकला तर अल्लाह हातभर येतो, हातभर सरकला तर वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं. माणूस चालत निघाला तर तो धावत येतो. व्यवहार सरळसरळ माणसाच्या फायद्याचा.

लांब घर, जास्त कमाई: मदिनेतल्या बनू सलिमा कुळाला मशिदीजवळ राहायला यायचं होतं. पैगंबरांनी त्यांना आहे तिथंच थांबायला सांगितलं, कारण मशिदीकडं येणाऱ्या त्यांच्या प्रत्येक पावलाची पुण्य म्हणून नोंद होत होती. मशिदीला खेटून प्लॉट शोधणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

मागितलं ते मिळालं: येमेनमधल्या सबा लोकांच्या वाटेवर जवळजवळ वस्त्या होत्या, प्रवास सुखाचा. त्यांनीच मागणं केलं, आमचे मुक्काम लांब लांब कर! पुढं ते असे पांगले की नुसती कहाणी उरली. (सूरा ३४.)

खाली म्हणजे जवळ: शहाण्णवावी सूरा संपते ती सजदा करण्याच्या आणि जवळ येण्याच्या आज्ञेनं. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलेलं असतं तेव्हा माणूस अल्लाहच्या सर्वांत जवळ असतो, असं हदीस सांगते.

श्रीगोंद्याचे शेख महंमद: सतराव्या शतकातल्या या सूफी संतानं ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिला तो मराठीत. वारकऱ्यांनीही त्यांना आपलंच मानलं. सूफी आणि वारकरी यांच्यातलं अंतर आपल्याच जिल्ह्यात मिटलं होतं, आणि नगरकरांना त्याचं फारसं कौतुक नाही, ही माझी तक्रार.

आणि खरे किलोमीटर: प्रवासात नमाज आखूड करायची मुभा चौथ्या सूरेत आहे. हनफी न्यायपंथाच्या हिशेबानं प्रवास सुमारे ७८ किलोमीटरचा हवा. म्हणजे नागापूरहून श्रीगोंद्याला गेलात तर सवलत नाही, पुण्याला गेलात तर आहे: नमाजाच्या चार रकातींच्या, म्हणजे आवर्तनांच्या, दोन होतात. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या, मात्र तीनच्या तीन. आणि पुण्यात पंधरा दिवस किंवा जास्त राहायचा बेत असेल तर सवलत बंद, पुऱ्या चार पढायच्या.